दहा हॉर्सपॉवरचा तंबोरा

पिठाच्या गिरणीत कितीही झाडू मारला तरी संध्याकाळी भुवयांवर पीठ बसलेलं असतंच. किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी साठवत नाही. आमच्या गायन पार्टीत सोपानराव गायचे, हणमा ढोलकी वाजवायचा, तात्या टाळ धरायचे आणि मी व्हायोलिन वाजवायचो. टेम्पोत बसलो की ते तिघं बोलायचे आणि मी व्हायोलिनचं खोकं मांडीवर घेऊन ऐकायचो. बोलणारी माणसं किस्सा सांगून मोकळी होतात. न बोलणाऱ्याच्या अंगावर तो बसून राहतो.

आता मी वाजवूनच पोट भरतो. कार्यक्रम संपला की कुणीतरी विचारतंच, "शिकलात कुठे?" मी म्हणतो, "लासुर्ण्याला." पुढं काही सुचत नाही. खरं म्हणजे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण समोर माणूस असला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहितोय.

एवढं आधीच सांगून ठेवतो, की या सगळ्या किश्शांच्या मागं एकच भांडण होतं आणि ते कधी मोठ्यानं झालं नाही. मला वाजवूनच जगायचं होतं आणि आमच्या आबांना गिरणीवर माणूस हवा होता.

*

गिरणी आमची, घराच्याच पुढच्या खोलीत. मी नववीत असताना डबे उचलून उचलून आबांचा उजवा खांदा गेला. "चार दिवस हात दे," आबा म्हणाले. ते चार दिवस आठ वर्षं चालले. शाळेचं दप्तर खुंटीला होतं तिथंच राहिलं, पुढं त्यात आई सुकलेल्या मिरच्या ठेवायला लागली.

आबांच्या गिरणीत तीन कायदे होते. पहिला, लाईट गेली की हातातलं काहीही टाकून आधी बटन बंद करायचं. कारण लाईट परत येते ती न सांगता येते, आणि दगडात धान्य अडकलेलं असताना मोटर सुरू झाली की पट्टा तुटतो, नाहीतर माणसाचा हात. दुसरा कायदा, मोकळी गिरणी फिरवायची नाही. मधे धान्य नसलं की दगड दगडाला खातो. आणि तिसरा, नंबर. डबे ओळीनं ठेवायचे, ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी. यात सरपंच आले आणि आमची आईसुद्धा आली.

समोरच्या सखूकाकूंना हा तिसरा कायदा कधी पटला नाही. रोज त्या डबा घेऊन थेट पुढं यायच्या. "आबा, माझी चूल पेटलीया. तेवढं आधी टाका."

आबा त्यांच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. "वैनी, डबा ठेवा, नंबर लावा."

"चूल इझल की."

"मग काडी पन माज्याकडनंच न्या. पन नंबर लावा."

*

तात्या आमच्याच गावचे. पार्टीत त्या वेळी व्हायोलिन तेच वाजवायचे. एकदा ते बाजरी घेऊन आले, नंबरला डबा ठेवला आणि बाकावर डोळे मिटून बसले. मला वाटलं, डुलकी लागली. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, "आबा, तुझी गिरणी सुरात हाय."

आबांना ते नीट ऐकू गेलं होतं, पण कळलं नव्हतं. त्यांनी गिरणी बंद केली. पट्टा तपासला. मोटरवर हात ठेवून गरम झालीय का पाहिलं. मग म्हणाले, "कवापासनं?"

"पयल्यापासनं," तात्या म्हणाले. "काळी एक म्हनतोय तुझा पट्टा. जरा वर, पन तंबोऱ्यागत गच्च."

काळी एक म्हणजे हार्मोनियमवरची पहिली काळी पट्टी, हे मला पुढं कळलं. आबांना कधीच कळलं नाही. त्यांनी त्या दिवशी मोटरला ऑइल दिलं. न जाणो.

पण मला काहीतरी झालं. पंधरा वर्षांचा होतो, वर्षभर जो आवाज डोकं उठवत होता तो मला एकदम सूर म्हणून ऐकू यायला लागला. बाजरी टाकली की किंचित खाली यायचा, गहू टाकला की सावरायचा. गावात दिवे लागले, लाईट दबली, की सगळ्या गिरणीचाच सूर उतरायचा. बटन बंद केलं की मग तर फारच गंमत. गिरणी एकदम थांबत नाही. सूर घरंगळत घरंगळत जमिनीपर्यंत जातो आणि तिथं बसतो.

मी तात्यांना विचारलं, "फिडल शिकवता का?" आयुष्यात मी आपण होऊन कुणाला काही मागितलं ते तेवढंच.

*

तात्यांनी आपलं जुनं व्हायोलिन दिलं. पाठीला चीर होती, ती त्यांनी सायकलच्या पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणून बुजवली होती. मांडी घालून कसं बसायचं, वाद्याचं डोकं घोट्यावर कसं टेकवायचं, गज कसा धरायचा ते एका दुपारी दाखवलं आणि ते पार्टीबरोबर आठ दिवस बाहेरगावी गेले.

तात्यांच्या गजाच्या केसांवर मी कायम पांढरी भुकटी पाहिली होती. माझ्या गजावर ती नव्हती आणि गज तारेवरून नुसता सरकत होता, आवाजच नाही. आता ज्याचा जन्म गिरणीत जातोय त्याला पांढरी भुकटी म्हणजे काय वाटणार? मी मूठभर ज्वारीचं पीठ घेतलं आणि गजाला चांगलं चोळून लावलं.

आठ दिवस मी वाजवत होतो. आवाज आला नाही. उंदीर मात्र गजाजवळ यायला लागले.

तात्या परत आले. मी खाली मान घालून सांगितलं की फिडल बिघडलंय. त्यांनी गज नाकाशी नेला आणि वास घेतला.

"कसलं लावलंस?"

"ज्वारीचं."

"मग गव्हाचं लावून बघायचं हुतं," तात्या म्हणाले.

आणि मी खरंच उठून गव्हाच्या पिठाकडं निघालो, तेव्हा त्यांनी माझा सदरा धरला आणि खिशातून गजावर घासायचा राळेचा खडा काढून दिला. ही राळ पुढं मी बारामतीच्या बाजारातून आणायला लागलो. पण पार्टीत माझं नाव 'ज्वारी' पडलं ते पडलंच.

*

पीठ लावल्यानं गजाचे केस खराब झाले, नवे हवे होते. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात, आणि तेही लांब, न तुटलेले. तात्या म्हणाले, "तुझी तू सोय कर."

माझा शाळेतला मित्र बिरू. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, कळपामागं घोडी असायची. आता मेंढरं गेली होती, ऊस आला होता, ट्रॅक्टर आला होता, पण बिरूच्या आज्ज्यानं एक घोडं ठेवलं होतं. कामाला नाही, असंच. भुरकट रंगाचं, म्हातारं, शेपूट मात्र जमिनीला लागणारी.

बिरूनं घोड्याचं तोंड धरलं आणि मी मागनं केस ओढले. चार आले. पाचव्याला घोड्यानं लाथ मारली ती बिरूच्या बादलीला लागली, आणि बादलीच्या आवाजानं आज्जा बाहेर आला.

मी खरं काय ते सांगितलं. आज्ज्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "केस ने. लागंल तेवढं ने, मी कापून देतो. पन ज्याचं नेतोस त्याला ऐकवून जायचं. फुकाट न्हाय."

महिन्याभरानं बिरू सांगत आला, "आज्जा वाट बघतोय."

माझ्या आयुष्यातला पहिला कार्यक्रम त्या घोड्यासमोर झाला. आज्ज्यानं त्याचं दावं सोडून टाकलं होतं. "बांधून ऐकवलं तर कळायचं कसं," असं त्याचं म्हणणं. मी गोठ्याच्या ओट्यावर बसलो आणि तात्यांनी शिकवलेली एकच वंदना तीनदा वाजवली. काही ठिकाणी सूर घोड्यासारखाच खिंकाळला. घोडं कान हलवत उभं होतं.

आज्ज्यानं शेवटी त्याच्या मानेवर थाप मारली आणि मला म्हणाला, "उठून गेलं न्हाय. पास."

*

तात्यांच्या बोटांना संधिवात झाला आणि सोपानरावांनी मला पार्टीत घेतलं. तात्या टाळावर आले. माझं चुकलं की टाळ एकदा जास्तीचा वाजायचा. तो फक्त मला कळायचा.

आबांना विचारायला सोपानराव स्वतः गिरणीत आले. अंथुर्ण्याचे सोपानराव म्हणजे तालुक्यात नाव. धिप्पाड माणूस, पांढरा नेहरू शर्ट, बोलले तरी समोरच्या भांड्याला झंकार यायचा. आबांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "एप्रिलात जयंतीचा म्हैना न्या. लग्नाबिग्नाला न्या. पन दळनाच्या येळंला पोरगं हितं पायजे. छंद हाय तो छंद ऱ्हाऊ द्या."

'छंद' हा शब्द आबा असा उच्चारायचे, जसा डॉक्टर 'साखर' म्हणतो.

भिगवणला माझा पहिला कार्यक्रम. स्टेजवर चढलो आणि समोर पाहिलं तर माणसंच माणसं. एकही घोडं नाही. मी सरकत सरकत हणमाच्या मागं जाऊन बसलो. हणमाची पाठ म्हणजे दार. त्या पाठीमागं बसून मी इतकं निवांत वाजवलं की टाळसुद्धा जास्तीचा वाजला नाही.

तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतले एक मासळीवाले मामा उभे राहिले. "सोपानराव, गानं थांबवा. फशिवताय व्हय?"

सोपानराव थांबले. "काय झालं मामा?"

"फिडल वाजतंय. फिडल हाय कुठं? कॅसेट लावलीया तुमी."

सगळा मांडव बघायला लागला. हणमा, ज्यानं कधी कुणाचं ऐकलं नाही, तो त्या दिवशी नेमका बाजूला सरकला. मागं मी, मान खाली, डोळे मिटलेले. सोपानरावांनी मला दंडाला धरून उभं केलं.

"ही बगा कॅसेट," ते म्हणाले. "लाजती."

त्या दिवशी जेवताना मामांनी माझ्या ताटात चिलापीचा सगळ्यात मोठा तुकडा घातला. सोपानरावांनी तो उचलून आपल्या ताटात घेतला. "उद्यापासनं पुढं बसायचं. न्हायतर खरंच कॅसेट लावतो. ती मासं तरी खात न्हाय."

*

इंदापूरचा कार्यक्रम दुपारचा होता. लाईटचा भरवसा नाही म्हणून मंडळानं जनरेटर आणलेला आणि तो स्टेजच्या मागं ठेवलेला. त्याच्या आवाजानं इतर लोक वैतागले होते. मला मात्र गिरणीत बसल्यासारखं वाटत होतं. मी आता पुढं बसत होतो, पण पाठीला तो घुमणारा आवाज असल्यामुळं भीती गेली होती.

शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ. सोपानरावांनी वरचा सूर लावला आणि धरून ठेवला. त्यांच्याबरोबर मीही धरला. आणि नेमकं त्याच वेळी जनरेटरमधलं डिझेल संपलं.

जनरेटरचा आवाज उतरायला लागला. आठ वर्षांची सवय. माझं बोटही त्याच्याबरोबर उतरायला लागलं. सोपानराव वरच, आणि माझं व्हायोलिन हळूहळू घरंगळत, घरंगळत, पार खाली जाऊन बसलं. माईकही गेला होता. सोपानरावांनी माझ्याकडं असं पाहिलं, की आता परतीच्या टेम्पोत मला जागा नाही हे मी समजलो.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेत बारामतीचे एक संगीत शिकवणारे सर पाहुणे म्हणून बसले होते. ते उठून स्टेजजवळ आले. "सूर न तोडता असं उतरत जाणं, ही मींड. हिला वर्षं लागतात. ही तुम्ही कुणाकडे शिकलात?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. तात्यांनी टाळ खाली ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "घराण्यातलीच हाय त्याच्या."

त्या सरांनीच पुढं पुण्याच्या रेडिओच्या ऑडिशनचा फॉर्म आणून दिला. माझं अक्षर बरं नव्हतं म्हणून भरलाही त्यांनीच.

*

फॉर्मवर आबांची सही लागत नव्हती. तरी मी तो त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो वाचला. दोन्ही बाजूंनी वाचला, मागची कोरी होती तरी.

"हे झालं की काय हुतं?"

"पास झालो तर कलाकार म्हनून नाव लागतं. मग मोठ्या लोकांच्या साथीला बोलावत्यात. पुण्यात ऱ्हावं लागंल." एका दमात इतकं बोललो मी.

आबांनी दगडाला टाकी लावायला घेतली होती. दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं परत खरखरीत करावं लागतं. ते काम करता करताच म्हणाले, "जा. पास झालास तर खोकं घिऊन कुठं जायचं तिकडं जा, मी गडी ठेवीन. नापास झालास तर खोकं माळ्यावर. परत इषय काढायचा न्हाय. कबूल?"

"कबूल."

*

तो पुण्याचा दिवस. सोबत सोपानराव आले होते. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत नेलं. जाड दार, भिंतींना भोकाभोकांच्या पाट्या, एका बाजूला काच. काचेपलीकडं परीक्षक, ते मला दिसत नव्हते. एक तबलजी आणि एक तंबोरावाल्या बाई बसलेल्या. दार बंद झालं आणि अशी शांतता झाली, अशी मी जन्मात ऐकली नव्हती. आमच्याकडं इतकी शांतता फक्त एकाच वेळी होते.

काचेपलीकडून आवाज आला, "घाबरू नका. घरी रियाजाला तंबोऱ्यावर कोण असतं?"

मी खरं ते सांगितलं. "दहा हॉर्सपॉवर."

"काय?"

"मोटर, सर. गिरणीची."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "सुरू करा."

मी वाजवायला लागलो. आणि खोटं नाही सांगत, चांगलं वाजत होतं. वर कुठंतरी एसीचा बारीक घुंकार होता, तो मी नकळत धरला होता. तंबोरा होता, तबला होता, पण माझा आधार तो घुंकार. आलाप झाला, गत सुरू झाली, हात मोकळा झाला. मी डोळे मिटले.

आणि एसी आपला आपण थांबला. एसी थांबतो अधूनमधून, हे मला आता माहीत आहे.

पुढचं मी केलं नाही. माझ्या अंगानं केलं. गज खाली ठेवला. व्हायोलिन बाजूला ठेवलं. उठलो. भिंतीवर दाराजवळ बटनं होती, तिथं गेलो आणि मोठ्यात मोठं बटन खटकन खाली केलं.

सगळीकडं अंधार. तबला थांबला. तंबोरावाल्या बाई "अगं बाई" म्हणाल्या.

"कलाकार," काचेपलीकडून आवाज आला, "काय करताय?"

"लाईट गेली, सर."

"गेली नव्हती. तुम्ही घालवलीत."

बाहेर आल्यावर सोपानरावांनी माझा चेहरा पाहिला आणि खोकं माझ्या हातातून घेतलं. सगळं मीच सांगितलं. भिगवण येईपर्यंत त्यांनी हसू दाबून धरलं होतं, हे त्यांनी पुढं हणमाला सांगितलं आणि हणमानं मला.

*

पंधरा दिवसांनी पत्र आलं. या खेपेला निवड नाही. सहा महिन्यांनी पुन्हा येऊ शकता. खाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'हात चांगला आहे. शांततेचा सराव करा.'

मी पत्र आबांना दिलं आणि त्यांनी सांगायच्या आत खोकं माळ्यावर ठेवून आलो. कबूल ते कबूल. आईनं दप्तरातल्या मिरच्या उगाच काढल्या आणि उगाच परत ठेवल्या.

तीन महिने मी फक्त दळत होतो. पार्टीच्या तारखा येऊन गेल्या. तात्या डबा घेऊन यायचे, बाकावर बसायचे, माळ्याकडं बघायचे आणि पीठ घेऊन जायचे. मोटर काळी एकच म्हणत होती. मी तिच्याकडं लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आणि लक्ष न देण्यात माझा सगळा दिवस जायचा.

एक दिवस सोपानराव दळण घेऊन आले. त्यांच्या गावात गिरणी आहे, तरी आले. बाकावर चार माणसं नंबरला बसलेली, मी आतल्या खोलीत पोती रचत होतो. सोपानरावांना राहवलं नाही. त्यांनी पुण्याचा किस्सा सगळ्यांना सांगितला, आवाज काढून, उठून, बटन दाबून दाखवून. बाकावरची माणसं डोळे पुसायला लागली. मी पोत्यामागं तसाच उभा.

एकटे आबा हसले नाहीत. त्यांना पत्रातलं माहीत होतं, पण ही बटनाची गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत होते. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आवाज बंद झाला न्हवं?"

"झाला की," सोपानराव म्हणाले.

"मग ह्यानं बटन बंद केलं?"

"केलं."

"मग," आबा म्हणाले, "चूक काय त्याची?"

आबा दळत राहिले. पण त्या दिवशी त्यांनी सखूकाकूंची ज्वारी दोनदा दळली, आणि असं आबांच्या हातून कधी होत नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट.

मी जेवून गिरणीत आलो तर भिंतीकडेला डब्यांची नेहमीची ओळ होती. पत्र्याचे डबे, स्टीलचे डबे, एक प्लॅस्टिकची बादली. आणि ओळीच्या शेवटी, सगळ्या डब्यांच्या मागं, माझं काळं खोकं. माळ्यावरची धूळ पुसलेली.

मी आबांकडं पाहिलं. ते दळत होते. मी डबे उचलून देत गेलो, ते टाकत गेले. बाजरी झाली, गहू झाला, कुणाची तरी हरभऱ्याची डाळ झाली. ज्यांची दळणं झाली ती माणसं गेली. ओळ पुढं सरकत गेली आणि खोकंही. शेवटची बादली रिकामी झाली. आबांनी फडक्यानं हात पुसले.

"गौतम, नंबर आला."

मी खोकं उघडलं. राळ लावली. तारा जुळवल्या. आबा स्टार्टरजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांनी गिरणी सुरू केली. मधे एक दाणा नव्हता. दगड दगडावर घासल्याचा तो आवाज मी आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकला. माझ्या दातांत कळ गेली.

"आबा, मोकळी हाय."

"म्हायती हाय. वाजव."

मी वाजवायला लागलो. दोन मिनिटं झाली असतील, आणि आबांनी बटन बंद केलं. सूर घरंगळायला लागला. माझं बोट त्याच्याबरोबर खाली गेलं आणि गज थांबला. मी अर्धा उठलोसुद्धा होतो.

"बस खाली," आबा म्हणाले. "बटन माझ्याकडं हाय. तू कशाला उठतुस? परत."

परत गिरणी, परत मी, परत बटन. परत थांबलो.

"परत."

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दगडातून पिठाऐवजी राखाडी धूळ यायला लागली होती. आबांचा उजवा खांदा दुखत असणार. ते डाव्या हातानं बटन दाबत होते. एकदा थांबता थांबता चार सूर जास्त वाजले. पुढच्या खेपेला एक ओळ. "परत," आबा म्हणायचे, एवढंच.

मग एकदा त्यांनी बटन बंद केलं. गिरणीचा सूर उतरला, घरंगळला, जमिनीला लागला, बसला. आणि माझा तिथंच होता, वर. बोट हललं नाही. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता, फक्त व्हायोलिन. मी डोळे उघडले. आबा स्टार्टरवर हात ठेवून उभे होते, आणि तो हात त्यांनी बटनावरून काढून घेतला.

मी वाजवत राहिलो.

तेवढ्यात दारात सखूकाकू आल्या, काखेत डबा. त्यांनी वर जळता बल्ब पाहिला, थांबलेला पट्टा पाहिला, मला पाहिलं.

"आबा, लाईट तर हाय. मग गिरणी बंद का? माझी चूल पेटलीया."

आबांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पोराचं चाललंय, वैनी. डबा ठेवा, नंबर लावा."